खुनी सापडल्यानंतर

संपादकांचा फोन जूनमध्येच आला. यंदाच्या अंकाचं सूत्र ‘तपास’. शेरलॉक होम्स, ब्योमकेश आणि फेलूदा यांचं वाटप आधीच झालेलं होतं. मी म्हटलं, मला इटली द्या. पलीकडून लगेच प्रश्न आला, “माफिया?” माफिया नाही. सत्तरच्या दशकात इटलीत एक सिनेमा निघत होता. त्याचा अर्धा भाग रहस्यपट आणि अर्धा पोलीसपट असायचा, आणि या दोन भागांचं आपसात पटायचं नाही. मला त्या न पटण्याबद्दल लिहायचं होतं. “बघा काय जमतं ते,” संपादक म्हणाले. या चार शब्दांत होकार असतो आणि नकारही.

जुलैच्या उन्हात मी मिलानला उतरलो. सिनेमा सुरू करण्याआधी तिथला एक चौक पाहायचा होता.

पियाझ्झा फोन्ताना हा चौक डुओमोच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या कॅथेड्रलच्या, अगदी पाठीशी आहे. मधोमध दगडी जलपऱ्यांचं कारंजं, बाजूने ट्राम. एका इमारतीवर ‘बांका नात्सिओनाले देल्लाग्रिकोल्तुरा’ अशी जुनी पाटी आहे. नावाप्रमाणे ही शेतीची बँक. १२ डिसेंबर १९६९ हा शुक्रवार होता, बाजाराचा दिवस, म्हणून इतर बँका बंद झाल्या तरी ही उघडी होती. आत शेतकरी आणि दलाल सौदे करत बसले होते. दुपारी ४ वाजून ३७ मिनिटांनी बॉम्ब फुटला. १७ जण गेले.

पोलिसांनी अराजकवाद्यांना उचललं. त्यांत जुझेप्पे पिनेल्ली नावाचा एक रेल्वे कामगार होता. कोठडीची ४८ तासांची कायदेशीर मुदत उलटून गेली, तरी तो पोलीस मुख्यालयातच होता. १५ डिसेंबरच्या रात्री तो चौथ्या मजल्यावरच्या खिडकीतून खाली पडला. बॉम्बशी त्याचा काही संबंध नव्हता, हे पुढे स्पष्ट झालं. तो पडला कसा, याचा न्यायालयीन निष्कर्ष १९७५ मध्ये आला. खून नाही आणि आत्महत्याही नाही. भोवळ येऊन तोल गेला.

चौकातल्या हिरवळीच्या कडेला या माणसाच्या नावाने दोन पाट्या आहेत. एक महापालिकेची. तिच्यावर म्हटलंय की हा निरपराध माणूस दुर्दैवाने मरण पावला. दुसरी विद्यार्थी आणि लोकशाहीवादी नागरिकांची. तिच्यावर म्हटलंय की या निरपराध माणसाला मारलं गेलं. दोन्ही पाट्यांवर नाव एकच, मृत्यू एकच, फरक फक्त क्रियापदाचा. दोन्ही एकमेकींना लागून उभ्या आहेत आणि कोणी कोणाची उखडत नाही. माझ्या विषयाचा सगळा सारांश त्या हिरवळीच्या कडेला आहे असं मला तेव्हा वाटलं, आणि तसं वाटणं अजून गेलेलं नाही.

पिवळा रंग, पण वेगळा

आपल्याकडे ‘पिवळं पुस्तक’ म्हटलं की ते गादीखाली दडवायचं पुस्तक. इटलीत पिवळं पुस्तक आजी दिवाणखान्यात बसून वाचते. मिलानच्या मोंदादोरी प्रकाशनाने १९२९ मध्ये रहस्यकथांची एक माला काढली, मुखपृष्ठ पिवळंधमक. पिवळ्याला इटालियनमध्ये ‘जाल्लो’ म्हणतात. माला इतकी चालली की रंगाचं नाव प्रकारालाच चिकटलं. आज एखाद्या मृत्यूचा उलगडा होत नसेल, तर इटालियन वर्तमानपत्र मथळ्यात सरळ ‘जाल्लो’ लिहून मोकळं होतं. बाबूराव अर्णाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या नायकाचं ‘झुंजार’ हे नाव आपल्याकडे पोलीस डायरीत शिरलं असतं, तर जे झालं असतं तसं काहीसं.

मुसोलिनीच्या राजवटीला ही पुस्तकं खुपत. इटलीत गुन्हे होतात हे लोकांना कशाला सांगायचं? मग अटी आल्या. खुनी इटालियन असता कामा नये आणि तो न्यायाच्या हातून सुटता कामा नये. १९४१ मध्ये तर मालाच बंद झाली. ती युद्धानंतर पुन्हा निघाली. याच मालेत लिहिणारे ऑगुस्तो दे अँजेलिस यांनी मिलानचा एक हळवा, पुस्तकवेडा पोलीस अधिकारी उभा केला होता. १९४४ मध्ये फॅसिस्टाच्या मारहाणीनंतर ते वारले.

या दोन अटी वाचकाने लक्षात ठेवाव्यात. खुनी परका हवा आणि त्याला शिक्षा झाली पाहिजे. पुढच्या सिनेमाने त्या एकेक करून मोडल्या, पण एका दमात नाही.

सुरुवातीचे जाल्लो सिनेमे पहिल्या अटीच्या आसपासच घोटाळत होते. मारिओ बाव्हाने १९६३ आणि १९६४ मध्ये पायंडा पाडला. काळे हातमोजे, रेनकोट, चेहरा नसलेला खुनी, आणि मरणाऱ्या बायकांभोवती उगाचच सुंदर प्रकाश. १९७० मध्ये दारिओ अर्जेंतोचा पहिला सिनेमा आला आणि लाट उसळली. नायक बहुधा परदेशी, बरेचदा कलावंत. त्याच्या डोळ्यांदेखत काहीतरी घडतं, त्याने ते पाहिलेलं असतं, पण नीट पाहिलेलं नसतं. सगळा सिनेमा म्हणजे ती आठवण पुन्हा घासून पाहणं. पोलीस? पोलीस असतात, पण तोंडी लावायला. ते येतात, नोंदी घेतात, चुकीच्या माणसाला धरतात. (अर्जेंतोच्या सिनेमात हातमोज्यांतले हात बरेचदा खुद्द अर्जेंतोचेच असत. आपल्या नटीला मारण्याचं काम दुसऱ्याच्या हाती द्यायला तो तयार नसे.)

एका हताश माणसाची डायरी

पोलिसांना मध्यभागी आणलं ते १९७२ मध्ये, आणि आणणारा होता विनोदी सिनेमांसाठी ओळखला जाणारा स्तेनो. सिनेमाचं नाव ‘पोलीस आभार मानतात’. नावात उपरोध आहे. त्यातला कमिशनर गुन्हेगार पकडतो, कोर्टातून ते सुटतात, आणि मग कोणीतरी त्यांना परस्पर संपवायला लागतं. शेवटी दिसतं की ते ‘कोणीतरी’ म्हणजे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेली माणसं आहेत. कमिशनरला ते कळतं आणि त्याचा जीव जातो.

सिनेमा धो धो चालला. इटालियन निर्मात्यांकडे अशा वेळी एक शब्द असे: ‘फिलोने’. खाणीतल्या धातूची शीर. शीर लागली की सगळे तिकडेच खणतात. पुढच्या तीन-चार वर्षांत निघालेल्या सिनेमांची नावं मी एका कागदावर उतरवून काढली. पोलीस आरोप ठेवतात, कायदा सोडतो. पोलीस नुसते बघत राहतात. मिलान द्वेष करतं, पोलीस गोळी घालू शकत नाहीत. पोलिसांचे हात बांधलेले. पोलीस मदत मागतात. सलग वाचलं तर ही सिनेमांची यादी राहतच नाही, एखाद्या हताश फौजदाराची डायरी होते.

समीक्षकांनी या प्रकाराला नाव दिलं ‘पोलित्सियोत्तेस्को’. पोलीसकथेला ‘पोलित्सिएस्को’ हा धड शब्द असताना हा मुद्दाम वाकडा केलेला, नाक मुरडून उच्चारायचा. सिनेमे होतेही बरेचसे नाक मुरडावे असे. गाड्यांचे पाठलाग, बँक दरोडे, मिशीवाला कमिशनर, आणि ‘हात सोडा, मग बघा’ हा सूर. त्यातला राजकीय विचार तपासायला घेतला तर अंगावर येतो. पण हे सिनेमे पाहायला जाणारा माणूस त्याच सकाळी खंडणीसाठी झालेल्या अपहरणाची, बॉम्बची, भरदिवसा पडलेल्या खुनाची बातमी वाचून आलेला असे. १७ मे १९७२ ला कमिशनर लुइजी कालाब्रेझी यांना मिलानमध्ये घराबाहेर गोळ्या घातल्या गेल्या. पिनेल्लीच्या मृत्यूसाठी त्यांना जबाबदार धरणारी मोहीम आधी दोन वर्षं चालली होती. तो पडला तेव्हा ते खोलीत नव्हते, असं नंतरच्या चौकशीने म्हटलं. पडद्यावर त्यानंतर जो कमिशनर दिसायचा, त्याच्यावर या सगळ्याची सावली असायची.

पोलीस मदत मागतात

आता मुख्य सिनेमा. ‘ला पोलित्सिया किएदे आयुतो’, म्हणजे ‘पोलीस मदत मागतात’. साल १९७४, दिग्दर्शक मास्सिमो दाल्लामानो. हा माणूस मूळचा छायालेखक. सेर्जिओ लिओनेच्या पहिल्या दोन ‘डॉलर’ वेस्टर्नचा कॅमेरा त्याचाच. चेहरा जवळून आणि रस्ता लांबून कसा टिपायचा हे त्याला वेगळं शिकवावं लागत नव्हतं. १९७२ मध्ये त्याने लंडनमध्ये घडणारा एक शुद्ध जाल्लो केला होता. शाळकरी मुली, एक भयंकर गुपित, आणि संशयात सापडलेला परदेशी शिक्षक. दोन वर्षांनी तशीच गोष्ट त्याने इटलीत आणली आणि शिक्षकाच्या जागी पोलीस ठेवले. बदल एवढाच. पण तेवढ्याने सगळं फिरतं.

माळ्यावरच्या एका खोलीत एक शाळकरी मुलगी फासावर लटकलेली सापडते. आत्महत्या वाटते. शवविच्छेदन सांगतं, ती आधी मेली होती, मग लटकवली गेली. इथपर्यंत रहस्यकथा. मग तपास मुलींच्या शोषणाच्या एका साखळीपर्यंत पोचतो आणि तिची वरची कडी फार वर आहे असं लक्षात येतं. इथून पोलीसपट. आणि या दोघांच्या मधून, जाल्लोतून चालत आल्यासारखा, एक खुनी फिरत राहतो. काळे चामड्याचे कपडे, डोक्यावर पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट, हातात खाटकाचा सुरा, बुडाखाली मोटारसायकल.

त्या हेल्मेटवर थोडं थांबू. आज आपल्याला त्यात काही वावगं दिसत नाही. कोपऱ्यावरचा पार्सलवाला पोरगाही तसाच दिसतो. पण इटलीत हेल्मेटसक्ती आली १९८६ मध्ये. १९७४ च्या प्रेक्षकासाठी रस्त्यावर चेहरा बंद करून फिरणारा माणूस मुळातच संशयास्पद होता. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७५ च्या मे महिन्यात, ‘रेआले कायदा’ आला. पोलिसांना शस्त्र चालवण्याची मुभा त्याने वाढवली, आणि मोर्चात हेल्मेट घालून किंवा ओळख पटणार नाही असा चेहरा झाकून येण्यावर बंदी घातली. म्हणजे दाल्लामानोने जाल्लोच्या खुन्याचे जुने हातमोजे कायम ठेवले आणि डोक्यावर रस्त्यावरची ताजी भीती चढवली. दोन सिनेप्रकारांचा सांधा एका वस्तूत इतका चपखल बसलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

पाठलागाचा प्रसंगही तसाच. पोलिसांच्या गाड्या मोटारसायकलच्या मागे आहेत. अशा सिनेमांत पाठलाग म्हणजे मध्यंतराआधीची आतषबाजी असते. इथे मात्र पाठलाग होतो, घाम निघतो, तपास आहे तिथेच राहतो. चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असेल तर त्याच्या मागे धावून चेहरा कसा मिळणार?

आणि मग ध्वनिफितींचा प्रसंग. साखळीच्या गिऱ्हाइकांचं बोलणं चोरून टेप केलेलं असतं. त्या फिती पोलिसांच्या हाती लागतात. खोलीत अधिकारी बसलेत, टेबलावर टेपरेकॉर्डर, चक्र्या फिरताहेत. पडद्यावर फक्त ऐकणारे चेहरे. फितीवर काय आहे हे कॅमेरा एकदाही दाखवत नाही. मोठ्या माणसाचा गोड, समजुतीचा आवाज, मुलीचा आवाज, मध्येच शांतता. ऐकणाऱ्यांपैकी कोणी खिडकीकडे बघतो, कोणी सिगारेट विझवायची विसरतो. ज्या सिनेप्रकाराने मरणाऱ्या बायकांचं शरीर दाखवून गल्ला भरला, त्या प्रकारातला हा सिनेमा ऐन जागी कॅमेरा फिरवून घेतो. या सिनेमाबद्दल मला जो आदर आहे तो या चार-पाच मिनिटांमुळे. बाकीच्या सिनेमात हाच दिग्दर्शक इतका संयमी नाही, हेही सांगून टाकतो. शवागारातल्या एका दृश्यात तो प्रेक्षकाला नको तितकं जवळ नेतो.

या तपासातला एक अधिकारी आहे व्हालेन्तिनी. भूमिका मारिओ आडॉर्फची. हाच नट ‘पोलीस आभार मानतात’मध्ये सरकारी वकील होता. व्हालेन्तिनी घरी मुलगी असलेला बाप आहे, आणि या गुंत्यात त्याच्या मुलीचंही नाव निघतं. जाल्लोत तपास करणारा बाहेरचा असतो, म्हणून त्याला कुतूहल परवडतं. व्हालेन्तिनीला ते परवडत नाही.

बाई आणि दोत्तोरे

या सिनेमात तपासाची सूत्रं एका स्त्रीकडे आहेत. व्हित्तोरिया स्तोरी, सहायक सरकारी वकील, भूमिका जोव्हान्ना राल्लीची. मराठी वाचकाला इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी, नाहीतर सिनेमा अर्धा निसटतो. आपल्याकडे सरकारी वकील भेटतो कोर्टात. तपास पोलिसांचा, आरोपपत्र पोलिसांचं, मग वकील. इटलीत सरकारी वकील हा न्यायव्यवस्थेचाच अधिकारी असतो, न्यायाधीशांच्याच परीक्षेतून आलेला. गुन्ह्याच्या तपासात पोलीस त्याच्या हाताखाली. प्रेत सापडलं की पंचनाम्याच्या जागी तोही येतो. म्हणून इटालियन पोलीसपटात तणाव बरेचदा चोर-पोलिसांतला नसतो. तो पोलीस आणि ‘प्रोकुरातोरे’ यांच्यातला असतो. एकाला आज रात्री धाड घालायची असते, दुसऱ्याला उद्या कोर्टात टिकेल असा पुरावा हवा असतो.

ही खुर्ची स्त्रियांना खुली झाली १९६३ च्या कायद्याने. पहिल्या आठ जणी रुजू झाल्या १९६५ मध्ये. म्हणजे १९७४ मध्ये प्रेताशेजारी उभी राहून पोलिसांना सूचना देणारी बाई ही प्रेक्षकासाठी नऊ वर्षांची नवलाई होती. सिनेमातले पुरुष तिला पाहून क्षणभर अडखळतात ते उगाच नाही. याच वर्षीच्या मे महिन्यात इटलीने घटस्फोटाचा कायदा रद्द करायला सार्वमतात नकार दिला होता. जवळपास ५९ टक्के मतं कायदा राहावा अशी पडली. दाल्लामानोने स्तोरीला प्रेमप्रकरणात अडकवलं नाही, याबद्दल त्याला वेगळे गुण द्यायला हवेत. त्याने खुनी तिच्या मागे पार्किंगमध्ये धाडला. तिथे मात्र जुना जाल्लो परत येतो, अंधार, टाचांचा आवाज वगैरे.

तिच्या जोडीचा कमिशनर सिल्व्हेस्त्री, म्हणजे क्लाउदिओ कास्सिनेल्ली. कमिशनरला सगळे ‘दोत्तोरे’ म्हणतात. हा डॉक्टर कायद्याची पदवी घेतलेला. त्याशिवाय त्या हुद्द्यावर जाता येत नाही. आपल्याकडचा ‘साहेब’ हुद्द्याला असतो, त्यांचा ‘दोत्तोरे’ शिक्षणाला. कॉन्स्टेबलच्या तोंडी हा शब्द ऐकला की अदब आणि अंतर दोन्ही एकदम कळतं. उपशीर्षकं मात्र सरसकट ‘सर’ लिहून मोकळी होतात.

मुका सेट

मला या सिनेमांत सर्वांत गमतीशीर वाटतं ते त्यांचं बनणं. सेटवरचा आवाज ठेवायचाच नाही, असा इटलीत रिवाज होता. शूटिंग होताना दिग्दर्शक ओरडतोय, शेजारी सुतार ठोकतोय, चालायचं. प्रत्येक नट आपापल्या भाषेत बोलायचा. फेलिनी तर नटांना म्हणे नुसते आकडे मोजायला लावायचे. दाल्लामानोच्या सिनेमात मृत मुलीचा बाप झालाय फार्ली ग्रेंजर, हिचकॉकच्या ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’मधला अमेरिकन. मारिओ आडॉर्फ जर्मन. इटालियन आवाज नंतर स्टुडिओत चढवायचा, आणि बरेचदा तो तिसऱ्याच कोणाचा असायचा.

आता तो ध्वनिफितींचा प्रसंग पुन्हा आठवा. ज्या सेटवरचा आवाज कामाचाच नसायचा, तिथल्या सिनेमाने आपला सगळ्यात जड प्रसंग नुसत्या आवाजावर तोलला. टेबलाभोवती बसलेले ते चेहरे शूटिंगच्या वेळी काय ऐकत होते कोण जाणे. पुढचं सगळं डबिंगच्या काळोख्या खोलीत घडलं असणार, माइकसमोर उभ्या राहिलेल्या, पडद्यावर न दिसणाऱ्या माणसांकडून.

संगीत स्तेल्व्हिओ चिप्रिआनीचं. मुलींच्या आवाजातली ‘ला-ला’ची निरागस धून, खाली बास गिटार धडधडतेय. ती मी आठवडाभर गुणगुणत होतो आणि दरवेळी स्वतःचीच लाज वाटत होती.

हे सगळं परवडत होतं, कारण लोक थिएटरात जात होते. १९७५ मध्येही इटलीत ५० कोटींहून अधिक तिकिटं विकली गेली. सिनेमा आधी मोठ्या शहरातल्या पहिल्या दर्जाच्या थिएटरात लागायचा, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, आणि ओरखडे पडलेली प्रिंट वर्षानुवर्षं गावोगाव फिरायची. १९७६ मध्ये घटनात्मक न्यायालयाने स्थानिक खासगी टीव्हीला वाट मोकळी करून दिली. दहा वर्षांत तिकिटं १२ कोटींच्या आसपास आली. हे जुने पोलीसपट मग त्याच वाहिन्यांवर मध्यरात्री जाहिरातींच्या मध्ये लागायला लागले.

लक्ष्याच्या सिनेमातली भिंत

इटलीचा हा माल आपल्याकडे आलाच नाही असं नाही. लुचिओ फुल्चीच्या १९७७ च्या एका जाल्लोत नायिकेला भविष्य दिसतं, ती भिंत फोडते आणि आत सांगाडा निघतो. त्यावरून स्फूर्ती घेऊन १९८४ मध्ये तमिळमध्ये ‘नूरावदु नाळ’ आला, आणि त्यावरून १९९१ मध्ये हिंदीत ‘१०० डेज’. माधुरी दीक्षित भिंत फोडते, जॅकी श्रॉफवर संशय जातो, आणि घरात लक्ष्मीकांत बेर्डे गोंधळ घालतो. तो पाहताना आपण इटालियन पिवळ्या परंपरेचा दूरचा नातलग पाहतोय, याचा कुणाला पत्ता होता? मलाही नव्हता.

आलं ते जाल्लोचं अर्धं. पोलिसाचं अर्धं आलं नाही, कारण ते आपल्याकडे आधीच होतं, आणि घरचं होतं. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा, तेंडुलकरांची पटकथा, १९८३ चा ‘अर्धसत्य’. त्यातल्या फौजदार वेलणकरचे हात बांधलेले आहेत, तो तडकतो. पण ‘अर्धसत्य’मध्ये रहस्य मुळीच नाही. गुन्हेगार कोण, हे पहिल्या रिळापासून सगळ्यांना माहीत असतं. इटलीचा वेगळेपणा इथे आहे. तिथे आधी खरोखर कोडं घातलं जातं, प्रेक्षक ते सोडवायला बसतो, ते सुटतं. आणि मग कळतं की कोडं सुटणं आणि प्रकरण मिटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुरावे घ्या, पुरावे

हे सर्वांत उघडपणे, कसलाही आडपडदा न ठेवता केलं एलिओ पेत्रीने, तेही आधीच. ‘सर्व संशयापलीकडच्या एका नागरिकाची चौकशी’ हा सिनेमा फेब्रुवारी १९७० मध्ये लागला, पिनेल्ली खिडकीतून पडल्यावर दोन महिन्यांनी. जान मारिया व्होलोन्ते रोमच्या खून विभागाचा प्रमुख आहे. सिनेमाच्या सुरुवातीलाच तो आपल्या प्रेयसीचा खून करतो, आणि मग जागोजागी पुरावे पेरतो. बोटांचे ठसे, बुटाचे ठसे, मृतेच्या नखात आपल्या निळ्या रेशमी टायचा धागा. त्याला बघायचंय की आपली माणसं आपल्यापर्यंत पोचतात का. त्याच दिवशी त्याला बढती मिळालेली असते, राजकीय विभागात.

सिनेमाभर त्याला नाव नाही. तो नुसता ‘दोत्तोरे’. मोरिकोनेच्या संगीतात मॅन्डोलिन आणि मोरचंग अशी वाजतात की कोणीतरी कुत्सित हसत मागे मागे चालतंय. पुरावे त्याच्याकडे बोट दाखवतात, आणि हाताखालची माणसं ते बोट हळूच दुसरीकडे वळवतात. कोणी कट करत नाही. सगळे फक्त अदब पाळतात.

कान महोत्सवात ज्यूरीचं मोठं पारितोषिक आणि पुढच्या वर्षी परदेशी भाषेचं ऑस्कर. पेत्रीचा सिनेमा मोठ्या दालनात गेला, दाल्लामानोचा तिसऱ्या दर्जाच्या थिएटरात. पण दोघांचा शेवट शेजारी शेजारी ठेवून पाहा. ‘पोलीस मदत मागतात’मध्ये हेल्मेटच्या आत कोण आहे हे कळतं, आणि कळून फारसा फरक पडत नाही. तो हत्यार होता. ज्यांच्यासाठी तो सुरा चालवत होता, ती नावं सिल्व्हेस्त्री आणि स्तोरी यांच्या हाती येतात आणि हातातच राहतात. मला विचाराल तर दाल्लामानोचा शेवट जास्त लागतो, कारण पेत्रीच्या नायकाला आपण सुरुवातीपासून हसत असतो. सिल्व्हेस्त्रीवर आपण विश्वास टाकलेला असतो.

दाल्लामानो १९७६ मध्ये मोटार अपघातात गेला. कास्सिनेल्ली १९८५ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनात एका सिनेमाच्या शूटिंगमध्ये हेलिकॉप्टर कोसळून गेला.

धुतलेला चौक

परतण्याआधी मी ब्रेशाला गेलो, मिलानहून आगगाडीने तासाभरावर. तिथला पियाझ्झा देल्ला लोज्जा हा इटलीतल्या देखण्या चौकांपैकी एक. घड्याळाच्या मनोऱ्यावर दोन धातूचे पुतळे तासाला घंटेवर टोला हाणतात. खाली कमानींची ओसरी. तिच्या एका खांबाचा दगड फुटलेला आहे आणि तो मुद्दाम तसाच ठेवलाय. शेजारी वास्तुकार कार्लो स्कार्पाने रचलेलं साधं स्मारक आणि आठ नावं. २८ मे १९७४ ला सकाळी फॅसिझमविरोधी सभा चालू असताना या खांबाजवळच्या कचऱ्याच्या डब्यात बॉम्ब फुटला. दाल्लामानोचा सिनेमा त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आला.

स्फोटानंतर दोन तास व्हायच्या आत अग्निशमन दलाने पाण्याचे फवारे मारून चौक धुऊन काढला. रक्त गेलं, आणि बॉम्बचे अवशेषही. कोणत्याही जाल्लोत हे दृश्य घातलं असतं तर प्रेक्षक ‘काहीही काय’ म्हणाला असता. मी खांबाशी उभा होतो तेव्हा ओसरीत लोक कॉफी पीत होते, आणि एक लहान मुलगा त्या फुटक्या दगडात बोट घालून खोली मोजत होता. आईने त्याला ओढून नेलं.

या खटल्यातली जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने कायम केली २०१७ मध्ये. ४३ वर्षांनी.

मिलानच्या शेतीच्या बँकेचं तेवढंही झालं नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेवटचे आरोपी निर्दोष सोडले. त्याच निकालात म्हटलं की बॉम्बमागे फ्रांको फ्रेदा आणि जोव्हान्नी व्हेन्तुरा या दोघांचा गट होता, पण १९८७ मध्ये ते कायमचे निर्दोष सुटलेले असल्यामुळे त्यांच्यावर आता खटला चालू शकत नाही. आणि खटल्याचा खर्च मृतांच्या नातेवाइकांनी भरावा असाही आदेश झाला.